उलटीची भीती : पटकीच्या दिवसांपासून पीटरच्या सशापर्यंत

"डॉक्टर, मला उलटी तर होणार नाही ना?"

हा प्रश्न विचारणारी मुलगी दहा वर्षांची होती. आईने टेबलावर रिपोर्टची जाड फाईल ठेवली. रक्त, लघवी, पोटाची सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. वजन मात्र चार महिन्यांत तीन किलोंनी उतरलेलं. डब्यात फक्त कोरडी पोळी आणि बिस्किटं चालायची. दूध बंद, पनीर बंद, बाहेरचं तर नावही नको. वर्गात एका मुलीला उलटी झाली, त्या दिवसापासून हिने शाळेची व्हॅन सोडली होती आणि वडील स्कूटरवरून सोडायला जात होते. दिवसातून तीस-चाळीस वेळा ती आईला हाच प्रश्न विचारायची आणि आई तितक्याच वेळा सांगायची, "नाही गं होणार, बाळा."

मी विचारलं, "हिला शेवटची उलटी कधी झाली होती?" आई-वडिलांनी एकमेकांकडे पाहिलं. बालवाडीत असताना एकदा, बहुतेक. (ओळख पटू नये म्हणून इथले काही तपशील मी बदलले आहेत.)

या त्रासाला इमेटोफोबिया म्हणतात. 'उलटी करणे' आणि 'भीती' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून हे नाव तयार झालं आहे. स्वतःला उलटी होईल, चारचौघांत होईल, दुसऱ्याला होताना पाहावं लागेल, अशी ही भीती असते. ती बहुतेकदा लहानपणी किंवा किशोरवयात सुरू होते आणि उपचार न मिळाल्यास वर्षानुवर्षं टिकू शकते.

आज मी लक्षणांची यादी देण्याऐवजी तुम्हाला या भीतीचा इतिहास सांगणार आहे. त्यामागे एक कारण आहे. या त्रासावरचा उपचार समजावून सांगितला की पालक हमखास दचकतात. "म्हणजे तिला ज्याची भीती वाटते तेच तिच्यासमोर आणायचं?" हा प्रश्न योग्यच आहे. पण त्याचं उत्तर एका दिवसात कुणाला सुचलेलं नाही. त्यामागे शंभर वर्षांचे प्रयोग आहेत, चुका आहेत आणि काही हट्टी माणसं आहेत.

उलटी हे एकेकाळी औषध होतं

आज आपण उलटीकडे आजार म्हणून पाहतो. पण माणसाच्या इतिहासात बराच काळ उलटी हा उपाय होता. आयुर्वेदातल्या पंचकर्मांपैकी पहिलं कर्म म्हणजे वमन. चरकसंहितेच्या कल्पस्थानात वमनाचे ३५५ योग दिले आहेत आणि त्यांतले १३३ एकट्या मदनफळाचे, म्हणजे आपल्याकडच्या गेळफळाचे आहेत. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. वमन कुणाला देऊ नये, याची यादीही चरकसंहितेत आहे आणि तिच्यात लहान मुलं आहेत.

युरोपातही असंच होतं. सतराव्या शतकात ब्राझीलमधून इपेकॅक नावाच्या झुडपाचं मूळ तिकडे पोहोचलं. ते पोटात गेलं की उलटी व्हायची. पुढे अमेरिकेत इपेकॅकचं सिरप घरोघरी ठेवलं जाऊ लागलं. मुलाने चुकून काही विषारी गिळलं तर उलटी करवायची, हा त्यामागचा विचार होता. २००३ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने हे सिरप घरात ठेवू नका, असं सांगितलं, कारण त्याने फायदा होतो असं सिद्ध झालं नव्हतं. आपल्याकडेही कुणी काही गिळलं की मिठाचं पाणी पाजतात. तसं करू नका, थेट रुग्णालयात जा.

हे सांगण्याचा मुद्दा एवढाच की उलटी ही मुळात भयंकर गोष्ट नाही. ती शरीराची सफाईची यंत्रणा आहे. मग तिची एवढी दहशत का बसली?

आणि उलटी हा मृत्यूचा सांगावाही होता

दहशतीला कारण होतं आणि ते आपल्या घराण्यांच्या आठवणीत अजून आहे. १८१७ मध्ये बंगालमधल्या जेसोर भागातून कॉलऱ्याची मोठी साथ पसरली आणि पुढच्याच वर्षी ती मुंबई इलाख्यात पोहोचली. आपल्याकडे या रोगाचं नाव पटकी. सकाळी जुलाब-उलट्या सुरू झालेला धडधाकट माणूस संध्याकाळपर्यंत राहत नसे. यात्रांच्या गर्दीतून साथ गावोगाव जाई. गावाबाहेर मरीआईची देवळं उभी राहिली. साथ आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपलीकडे नेऊन सोडायची रीत होती. 'पटकी येवो' ही शिवी उगाच तयार झाली नाही.

अशा काळात घरात कुणाला उलटी झाली की आजीच्या पोटात गोळा येणं हा वेडेपणा नव्हता. त्या भीतीला आधार होता.

हे चित्र बदलण्यात एका भारतीय डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातले निर्वासित सीमेवरच्या बनगावला आले आणि छावण्यांत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पिंपांतून रुग्णांना पाजायची व्यवस्था केली. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. आज मेडिकलमध्ये मिळणारं ओआरएसचं पाकीट त्याच विचारातून आलेलं आहे.

शाळकरी मुलांच्या आजच्या उलट्या बहुतेकदा वेगळ्या कारणाने होतात. १९६८ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावातल्या एका प्राथमिक शाळेत जवळजवळ निम्मी मुलं आणि शिक्षक उलट्यांनी आजारी पडले. बहुतेक जण एका दिवसात बरेही झाले. चार वर्षांनी अल्बर्ट कपिकियन यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा विषाणू दिसला. गावाच्या नावावरूनच पुढे त्याला नोरोव्हायरस म्हणू लागले. वर्गात एकाला उलटी झाली की दोन दिवसांत पाच जणांना होते, ती बऱ्याचदा याच्यामुळे. त्रासदायक खरी, पण पाणी कमी पडू दिलं नाही तर धडधाकट मूल एक-दोन दिवसांत उठून खेळायला लागतं.

म्हणजे धोका बराच कमी झाला, पण भीती मात्र राहिली. का, ते आता पाहू.

पोटाची स्मरणशक्ती

१९४० आणि ५० च्या दशकांत हर्बर्ट बोरिसन आणि एस. सी. वँग या दोघांनी उलटीचं नियंत्रण मेंदूतून कुठून होतं याचा शोध घेतला. मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जू सुरू होतो त्याच्या जरा वर, एक छोटी जागा आहे. मेंदूच्या इतर भागांना रक्तातल्या बऱ्याच पदार्थांपासून संरक्षण असतं, या जागेला ते नाही. म्हणून तिला रक्तातलं विष लगेच कळतं. पोट, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा, घाण वास, मनातली भीती, या सगळ्यांचे संदेशही मेंदूच्या याच परिसरात येऊन मिळतात. घाटात गाडी लागते ती कानामुळे. परीक्षेच्या सकाळी मळमळतं ते मनामुळे. पण जाणवतं दोन्ही पोटातच.

उंदराला उलटी करता येत नाही. मग तो विषापासून कसा वाचतो? हे कोडं जॉन गार्सिया यांनी उलगडलं. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी उंदरांना सॅकरिन घातलेलं गोड पाणी पिताना किरणोत्सर्ग दिला. त्याने उंदरांना आजारी वाटायचं. नंतर हे उंदीर ते गोड पाणी टाळू लागले. १९६६ मध्ये त्यांनी पुढची पायरी दाखवली. आजारपणाचं नातं उंदीर चवीशी पटकन जोडतात, पण आवाजाशी किंवा उजेडाशी तसं जोडत नाहीत. निसर्गाने 'पोट बिघडलं, म्हणजे खाल्लेलं वाईट' हा धडा जवळजवळ तयारच ठेवलेला आहे.

मुलांमध्येही असंच होतं का? १९७८ मध्ये आयलीन बर्नस्टाईन यांनी कॅन्सरची औषधं घेणाऱ्या मुलांना उपचारापूर्वी एका अनोळखी चवीचं आईस्क्रीम दिलं. नंतर ज्या मुलांना औषधाने मळमळ-उलट्या झाल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुन्हा समोर आलेलं तेच आईस्क्रीम नाकारलं. मुलांना ठाऊक होतं की त्रास औषधाचा आहे, आईस्क्रीमचा नाही. तरी पोटाने ते मानलं नाही.

तुमच्या मुलीला एकदा श्रीखंड खाल्ल्यावर उलटी झाली आणि वर्षभर तिने श्रीखंडाकडे पाहिलं नाही, तर तो हट्ट नाही, ही जुनी यंत्रणा आहे. बहुतेक मुलांत ती एका पदार्थापुरती राहते. काही मुलांत मात्र ती पसरते. श्रीखंडानंतर दूध, मग हॉटेल, मग व्हॅन, मग ती मुलगी जिथे बसते तो बाक.

मुलांची भीती प्रयोगशाळेत येते

मुलांच्या भीतीची मोजदाद करणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक होते अमेरिकेचे स्टॅनली हॉल. १८९७ मध्ये त्यांनी सुमारे १,७०० जणांकडून मिळालेल्या ६,००० हून अधिक भीतींची माहिती छापली. त्यात विजेच्या कडकडाटाची भीती सगळ्यांत वर होती. पण भीती का वाटते आणि ती घालवायची कशी, याचं उत्तर त्यात नव्हतं.

१९२० मध्ये जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी बाल्टिमोर इथे जो प्रयोग केला, तो आज कुणालाही करू दिला जाणार नाही. अल्बर्ट नावाने ओळखलं जाणारं अकरा महिन्यांचं बाळ पांढऱ्या उंदराला घाबरत नव्हतं. बाळाने उंदराला हात लावला की ते त्याच्या मागे पोलादी दांड्यावर हातोडा मारायचे. काही वेळा असं झाल्यावर बाळ नुसता उंदीर दिसला तरी रडू लागलं. सशालाही घाबरू लागलं. भीती शिकवता येते, हे सिद्ध झालं. त्या बाळाची भीती घालवायचा प्रयत्न मात्र झाला नाही.

मेरी कव्हर जोन्स या तरुण अभ्यासिकेने वॉटसन यांचं व्याख्यान ऐकलं आणि तिला उलटा प्रश्न पडला. भीती अशी लावता येते, तर काढताही येईल का?

न्यूयॉर्कमधल्या मुलांच्या एका संस्थेत तिने ७० मुलांसोबत काम केलं आणि १९२४ मध्ये निष्कर्ष मांडले. भीती घालवण्याच्या सात पद्धती तिने तपासल्या. त्यांतल्या काही तुम्हाला ओळखीच्या वाटतील.

भीतीची गोष्ट दूर ठेवायची, म्हणजे मूल विसरेल. विसरलं नाही. काही आठवड्यांनी ती गोष्ट समोर आली की भीती तशीच.

समजावून सांगायचं. सशाच्या गोष्टी सांगितल्या, चित्रं दाखवली. मुलाने ऐकलं, बोललं. खरा ससा आला की पुन्हा रडू.

इतर मुलांसमोर चिडवायचं, लाज वाटायला लावायची. याने भीती गेली नाही, काही वेळा अधिकच पक्की झाली.

आपल्या घरांतही नेमकं हेच चालतं. "तिला व्हॅनने पाठवूच नका." "अगं, काही होत नाही, कितीदा सांगू?" "एवढी मोठी झालीस आणि नाटकं करतेस?" यात प्रेम आहे, वैतागही आहे. पण या तिन्ही वाटा पुरत नाहीत, हे शंभर वर्षांपूर्वीच दिसून आलं होतं.

मग खरोखर उपयोगी काय ठरलं? दोन गोष्टी. आवडीच्या खाऊसोबत भीतीची वस्तू थोडी-थोडी जवळ आणणं, आणि न घाबरणाऱ्या मुलांना त्या वस्तूशी खेळताना पाहणं.

याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पीटर. वय दोन वर्षं दहा महिने. उंदीर, ससा, फरचा कोट, कापूस, या सगळ्यांची त्याला भीती. आधी न घाबरणाऱ्या मुलांसोबत त्याला खेळायला ठेवलं आणि ससा खोलीत आणला. सुरुवातीला ससा खोलीत कुठेही असला तरी पीटर रडायचा. मग पिंजरा बारा फुटांवर असला तर चालू लागलं, मग चार फुटांवर, मग तीन.

आणि इथे गाडी अडली. पीटरला स्कार्लेट फिव्हर झाला. तो जवळजवळ दोन महिने रुग्णालयात होता. बाहेर पडताना एक मोठा कुत्रा अंगावर आला. परतला तेव्हा सगळी भीती पहिल्यासारखी. मेरीने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी पीटरला खुर्चीत बसवून आवडीचं खायला दिलं आणि त्याचं खाणं थांबणार नाही इतक्याच अंतरावर ससा ठेवला. दररोज थोडा जवळ. शेवटी पीटर सशाला स्वतःची बोटं कुरतडू देऊ लागला.

मला या गोष्टीतला सगळ्यांत महत्त्वाचा भाग तो कुत्रा वाटतो. भीती परत येऊ शकते. ती परत आली म्हणजे आधीची मेहनत वाया गेली असं नाही. पुन्हा पायरी पकडायची.

मेरीच्या कामाकडे बरीच वर्षं फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी भीतीची पायऱ्यापायऱ्यांनी सवय करून देण्याचा उपचार पुस्तकरूपाने मांडला. त्यांनीच मेरीला वर्तनोपचाराची आई म्हटलं. १९६७ मध्ये अल्बर्ट बँडुरा आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याला घाबरणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना, एक लहान मूल कुत्र्याशी मजेत खेळताना दाखवलं. बघूनबघून त्यांची भीती कमी झाली. पीटरच्या खोलीतलं निरीक्षण पुन्हा खरं ठरलं.

भीतीला नाव मिळतं

उलटीची भीती मात्र बराच काळ वैद्यकाच्या नजरेतून निसटत राहिली. कुत्रा, उंची, अंधार बाहेर असतो, दिसतो. उलटी स्वतःच्या पोटात असते. त्यामुळे अशी मुलं आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जातात. तिथे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि "काही नाही, टेन्शन आहे" असं सांगून घरी पाठवलं जातं.

आणखी एक गफलत व्हायची. १९९० मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी चार किशोरवयीन मुलींविषयी लिहिलं. त्यांनी खाणं इतकं कमी केलं होतं की वजन घटलं होतं. पाहणाऱ्याला वाटावं, बारीक व्हायचं म्हणून उपाशी राहतात. पण त्यांना जाड होण्याची भीती नव्हती. त्यांना उलटीची भीती होती. हा फरक कळला नाही तर उपचार चुकीच्या दिशेने जातो.

१९९४ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत, विशिष्ट भीतींच्या 'इतर' प्रकारात, उलटी होईल अशा प्रसंगांची भीती स्पष्टपणे नोंदली गेली. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत खाणं टाळण्याच्या एका वेगळ्या विकाराला जागा मिळाली. घास अडकेल किंवा उलटी होईल या भीतीने न खाणाऱ्या मुलांचा त्यात समावेश होतो. त्यामुळे अशा मुलांकडे डॉक्टरांचं नीट लक्ष जाऊ लागलं.

टाळलं की भीती का वाढते?

१९४७ मध्ये ओ. एच. मॉरर यांनी एक साधी गोष्ट मांडली. भीती वाटली, आपण टाळलं, लगेच सुटका वाटली. ही सुटकाच पुढच्या वेळी टाळायला शिकवते. आणि टाळल्यामुळे 'काही झालं नसतं' हे कळण्याची संधीच मिळत नाही.

उलटीच्या भीतीत हे चक्र फार घट्ट असतं. भीती वाटली की पोटाचं काम मंदावतं आणि मळमळतं. मळमळलं की मूल म्हणतं, "बघ, होणार आता." भीती आणखी वाढते. मग कोरडी पोळी, दप्तरात उलटीची गोळी, सतत हात धुणं, खिडकीची जागा, एक्सपायरीची तारीख तीनतीनदा बघणं, आईला विचारणं. उलटी झाली नाही की मुलाला वाटतं, गोळीमुळे वाचलो. खरं तर ती होणारच नव्हती.

म्हणून आजच्या उपचारात ही कुबडी एक-एक करून सोडवतात आणि शिडी तयार करतात. आधी 'उलटी' हा शब्द लिहायचा, म्हणायचा. मग चित्र, मग आवाज, मग व्हिडिओ. ओट्स आणि सूप मिसळून खोटी ओकारी बनवायची आणि फरशीवरून पुसायची. गोल गोल फिरून मुद्दाम थोडी गरगर आणायची आणि ती आपोआप जाते हे पाहायचं. टाळलेले पदार्थ एक-एक घास परत आणायचे. मुलाला खरी उलटी करायला लावत नाहीत. पालकांनी हे वाक्य दोनदा वाचावं. आणि शिडी मुलाच्या संमतीने चढायची असते, ढकलून नाही.

१९८५ मध्ये क्लेअर फिलिप्स यांनी उलटीच्या भीतीचे उपचार घेणाऱ्यांत भीती परत येण्याचा अभ्यास केला. पीटरचा कुत्रा इथेही भेटला. लंडनमध्ये डेव्हिड वील आणि सहकाऱ्यांनी या भीतीचं मोजमाप करणारी प्रश्नावली तयार केली. २०१६ मध्ये या भीतीवरच्या विचार-वर्तन उपचाराची एक छोटी नियंत्रित चाचणी प्रसिद्ध झाली. २४ रुग्ण, १२ सत्रं. उपचार घेतलेल्यांपैकी निम्म्यांत ठळक सुधारणा दिसली, जे नुसते यादीत थांबले होते त्यांच्यापेक्षा बरीच जास्त. हे प्रौढ रुग्ण होते. मुलांसाठी हाच मार्ग, त्यांच्या इतर भीतींवरच्या उपचारांच्या अनुभवासह, वापरला जातो.

आणि आई-वडील?

येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी फक्त पालकांसोबत काम करणारी पद्धत विकसित केली. २०२० मध्ये छापलेल्या अभ्यासात ७ ते १४ वर्षांच्या १२४ चिंताग्रस्त मुलांपैकी काहींना थेट उपचार दिला आणि काहींच्या केवळ पालकांना शिकवलं. पालकांना शिकवण्याचा परिणाम थेट उपचारापेक्षा कमी पडला नाही. पालकांनी काय बदललं? भीतीला चालना देणारी मदत हळूहळू कमी केली आणि दोन गोष्टी एकत्र सांगितल्या : "तुला खरंच भीती वाटतेय, हे मला कळतं" आणि "तू हे निभावू शकतेस, अशी माझी खात्री आहे."

घरी तुम्ही एवढं सुरू करू शकता.

"उलटी होईल का?" या प्रश्नाला "नाही होणार" असं उत्तर देऊ नका. तशी हमी कुणालाच देता येत नाही आणि मुलाला ते माहीत असतं. म्हणा, "झाली तर आपण बघू. तुला जमेल." एका वेळी एकदाच.

चिडवू नका. भावंडांना आणि आजी-आजोबांनाही सांगा. दृष्ट काढायची असेल तर जरूर काढा, पण उपचाराऐवजी नको.

शाळा तोडू नका. पूर्ण दिवस जमत नसेल तर अर्धा दिवस, पण जाणं थांबवू नका.

स्वतःची प्रतिक्रिया तपासा. घरात कुणाला उलटी झाली की तुम्ही किंचाळता की शांतपणे फडकं घेऊन येता? मूल तुम्हाला पाहतंय, बँडुरांच्या प्रयोगातल्या मुलांसारखंच.

मात्र प्रत्येक उलटी मनाची समजू नका. हिरवी किंवा रक्ताची उलटी, सकाळी उठल्या उठल्या डोकेदुखीसह वारंवार उलटी, पोटात तीव्र दुखणं, लघवी खूप कमी होणं, सुस्ती, किंवा वजन घटत राहणं, यांपैकी काही असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. शारीरिक कारण नाही हे पक्कं झालं आणि तरी खाणं, शाळा, प्रवास अडत असेल, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञांची मदत घ्या. कुणाकडे जावं कळत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. फोनवर मराठीतही बोलता येतं.

त्या मुलीचं पुढे काय झालं?

तिने शिडी स्वतः रंगवली. पहिल्या पायरीवर 'उलटी' शब्द लिहिला, तोही हिरव्या स्केचपेनने. सहाव्या आठवड्यात तिने डब्यात पनीर नेलं आणि अर्धं परत आणलं. आईला ते अपयश वाटलं. मला नाही.

पावसाळ्यात तिला खरंच गॅस्ट्रो झाला आणि दोनदा उलटी झाली. रात्री साडेअकराला आईचा फोन आला. आवाज रडवेला होता, आईचाच. मी ओआरएसचं प्रमाण सांगितलं. पुढचे दोन आठवडे भीती पुन्हा उसळली, व्हॅन पुन्हा बंद झाली. आम्ही दोन पायऱ्या खाली उतरलो आणि परत चढू लागलो.

पुढच्या भेटीत मी तिला पीटरची गोष्ट सांगितली. ससा, खाऊ, ताप, कुत्रा, सगळं. ती लक्षपूर्वक ऐकत होती. मग तिने विचारलं, "मग त्याने परत किती फुटांपासून सुरू केलं?"

गेल्या कित्येक महिन्यांत तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता, जो उलटीबद्दल नव्हता. आता ती व्हॅनने शाळेत जाते. खिडकीची जागा मात्र अजून सोडलेली नाही. ती पुढची पायरी आहे.

(हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या मुलाच्या तपासणीला आणि सल्ल्याला तो पर्याय नाही.)